‘रद्दी’तला आरएनए आणि कर्करोगाचा हिशेब

माणसाच्या जनुकसंचाचा जेमतेम २ टक्के भाग प्रथिने बनवण्याच्या कामी येतो. बाकीचा पसारा ‘जंक’, म्हणजे रद्दी, हा समज १९७२ नंतर इतका रुजला की कर्करोगाचे संशोधनही त्या २ टक्क्यांभोवतीच घुटमळत राहिले. त्याची किंमत क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दिसते. यातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कर्कपेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक ठरावीक तुकडा गळालेला असतो. तिथे कर्करोग रोखणारे एखादे प्रथिनाचे जनुक असणार, असे गृहीत धरून तो तुकडा वर्षानुवर्षे पिंजून काढला गेला आणि हाती काहीच लागले नाही. २००२ मध्ये जॉर्ज कॅलिन, कार्लो क्रोचे आणि सहकाऱ्यांना तिथे दोन मायक्रोआरएनए (स्वतः प्रथिन न बनवता इतर जनुकांना आवर घालणारे छोटे आरएनए) सापडले, प्रत्येकी सुमारे २२ अक्षरांचे. पेशीला मरू न देणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला ते आवर घालतात, हे २००५ मध्ये कळले. तुकडा गळाला की आवर सुटतो आणि मरायला हव्यात त्या पेशी साचत जातात. उत्तर होते, पण शोधणाऱ्यांनी प्रश्नच अर्धा विचारला होता.

यावर आक्षेप येतो की, एवढे कळूनही औषध कुठे आहे? आक्षेप रास्त आहे. एमआरएक्स-३४ या मायक्रोआरएनएवर आधारित औषधाची चाचणी २०१६ मध्ये रुग्णांमध्ये प्रतिकारशक्तीशी संबंधित गंभीर दुष्परिणाम दिसल्याने थांबवावी लागली. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: पेशीत सापडणारा प्रत्येक आरएनए कामाचाच असेल कशावरून? फुप्फुसाच्या कर्करोगात भरपूर आढळणारा मॅलॅट-१ हा आरएनए उंदरांतून काढून टाकला, तरी ते ठणठणीत जगले. २०१२ मध्ये एनकोड या संशोधन प्रकल्पाने ८० टक्के जनुकसंच कार्यरत असल्याचे जाहीर केले, तो तर सरळसरळ अतिरेक होता. पण यातून सिद्ध काय होते? सरसकट रद्दी म्हणणे जितके आळशीपणाचे, तितकेच सरसकट खजिना म्हणणे. एकेका आरएनएचे काम वेगळे तपासावे लागते. तसे तपासले की उपयोगही होतो: लघवीतल्या पीसीए-३ या आरएनएच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली, प्रोस्टेटची बायोप्सी पुन्हा करायची की नाही, हे ठरवायला मदत म्हणून. मायक्रोआरएनएचा पहिला शोध १९९३ मध्ये एका इवल्याशा कृमीत लागला आणि त्याला नोबेल मिळायला २०२४ उजाडले. तेव्हा पाच वर्षांत औषध दाखवा, अशी अट घालून या क्षेत्राला निधी देऊ नये. आणि मायक्रोआरएनएवरून सगळे कर्करोग ओळखतो म्हणत कोणी रक्ततपासणी विकू लागले, तर ती किती रुग्णांवर पडताळली आहे, हे पैसे भरण्याआधी विचारावे.