परसबाग हा छंद नव्हे

खारघरमध्ये स्थायिक झालेल्या आमच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे घरी भाजी पिकवण्याचा विषय काढला की तीन उत्तरे ठरलेली असतात: जागा नाही, वेळ नाही आणि भाजी तर दारात स्वस्त मिळते. पहिल्या दोन अडचणी आहेत आणि अडचणींवर तोड निघते. तिसरे उत्तर ही मात्र वृत्ती आहे. आमचे भांडण त्या वृत्तीशी आहे.

आधी अडचणींचा निकाल लावू. दिवसाकाठी चार-पाच तास ऊन येणारी गॅलरी पालेभाजीला पुरते. इमारतींभोवतीची माती बहुधा भरावाचा मुरूम असते, त्यात पीक तग धरत नाही. म्हणून माती, कुजलेले शेणखत आणि वाळका पालापाचोळा समभाग घेऊन वीतभर खोल ट्रे भरावा. मेथीचे दाणे रात्रभर भिजवून पेरले तर तीन-चार दिवसांत अंकुर वर येतात आणि महिन्याभरात भाजी काढणीला येते. धने पेरण्यापूर्वी रगडून त्यांची दोन दले करावीत. येथील मुसळधार पावसात मेथी कुजते. त्या दिवसांत शिराळे, पडवळ, दुधी यांचे वेल ताटीवर चढवावेत आणि मेथी-पालक दसऱ्यानंतर घ्यावेत. भेंडी पेरल्यापासून दीड-दोन महिन्यांत लागते. ती एक दिवसाआड तोडली नाही तर निबर होते आणि झाडही पुढे कमी फळते. या साऱ्याला रोज पंधरा मिनिटे पुरतात. दूरचित्रवाणीवरील जाहिरातींना आपण त्याहून अधिक देतो.

गच्चीबाबत सोसायट्यांच्या समित्या घेतात तो आक्षेप खोटा नाही. एक घनमीटर ओली माती दीड टनाहून अधिक भरते आणि झिरपणाऱ्या पाण्याने स्लॅब खराब होतो. परंतु याचेही उत्तर सापडलेले आहे. कोल्हापूरच्या प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोलकर यांनी माती थोडी व पालापाचोळा भरपूर घेऊन पीक काढण्याची रीत लोकांना शिकवली. त्या वेळच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यातूनच बाग उभी केली. उत्तर असूनही प्रश्न तसाच ठेवायचा, याला सावधपणा म्हणत नाहीत. आमच्या परिचयाच्या एका सोसायटीने आवारातील टोमॅटोच्या कुंड्या 'सौंदर्याला बाधा येते' म्हणून हटवल्या. त्याच उन्हाळ्यात तेथील हिरवळीवर टँकरचे पाणी शिंपले जात होते. जी हिरवळ ना गाय खाते ना माणूस, ती सौंदर्य. आणि जिचे फळ ताटात येते ती घाण! त्या सभेला आमचे धर्मग्रामस्थही हजर होते. कोणी तोंड उघडले नाही.

आता 'स्वस्त' या शब्दाकडे वळू. भाजी स्वस्त मिळते म्हणजे तिची उरलेली किंमत दुसरे कोणी तरी भरते. पावसाळ्यात डोंगरावरच्या पाड्यांतून आदिवासी भगिनी शेवळे, टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन खाली उतरतात आणि पदपथावर बसतात. त्यांच्याशी आपण दोन रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि तेथून मॉलमध्ये जाऊन छापील किमतीचे पाकीट मुकाट्याने उचलतो. ज्याने महिनाभर पाणी घालून, तण खुरपून, कीड निवडून एका ट्रेमधून जेमतेम एक जुडी मेथी काढली आहे, त्याच्या तोंडून 'एवढी महाग?' हा प्रश्न निघणार नाही. परसबागेचा खरा उपयोग हा आहे. तिने घरची सारी गरज भागेल असे आम्ही म्हणत नाही; तिने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत कळेल, असे म्हणतो.

या नगरात राहणाऱ्यांना तर ती कळलीच पाहिजे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादित झाल्या. आपल्या दिवाणखान्यांखाली आगरी-कोळी कुटुंबांची भाताची शेते आहेत. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच जणांनी प्राण गमावले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली.

पवित्र शास्त्रातील नाबोथाची कथा आपणांस ठाऊक आहे. मात्र अहाब राजाला ती वडिलोपार्जित द्राक्षबाग कशासाठी हवी होती, हे फारसे कोणाच्या लक्षात राहत नाही. राजवाड्याजवळ भाजीपाला लावण्यासाठी! म्हणजे ताज्या भाजीची आवड हा स्वतः काही सद्गुण नव्हे. नाबोथाला विसरून केलेली बाग अहाबाचीच बाग होय. गॅलरीत सेंद्रिय टोमॅटो पिकवावेत आणि रस्त्यावरच्या भाजीवालीला फाटकातून हाकलावे, अशी परसबाग आम्हांला नको आहे.

आपल्या उपासनेत भाकर व द्राक्षारस अर्पण होतो तो भूमीचा आणि मानवी श्रमाचा म्हणून. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमात मठाच्या आवारातच बाग असावी असे सांगितले आणि हाताच्या कामाला प्रार्थनेच्या शेजारी स्थान दिले. ईस्ट इंडियन बांधव आगेऱ्याला नव्या भाताची कणसे आशीर्वादासाठी आणतात. जेथे शेतेच उरली नाहीत तेथे ती बाहेरून मागवावी लागतात. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने हिरवाईसाठी लढा दिला, तेव्हा आपण अभिमानाने माना डोलावल्या. त्याच वाड्यांतून येथे आलेल्या घरांत आज प्लास्टिकची फुले आहेत आणि चर्चच्या आवारात आणखी पेव्हर ब्लॉक बसवा, मोटारी उभ्या करायला सोय होईल, असा अर्ज आमच्यापुढे आहे.

त्या अर्जाला आमचा विरोध आहे व तो येथे जाहीरपणे नोंदवतो. आवाराची उन्हाची बाजू वाफ्यांसाठी राखावी. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलांनी ते पेरावेत, खुरपावेत आणि काढावेत. सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रत्येक ख्रिस्ती सभासदाने कुंड्यांच्या बंदीविरुद्ध ठराव मांडावा. पदपथावरच्या भाजीवालीला तिने सांगितलेला भाव द्यावा. आणि येत्या आगेऱ्याला वेदीपुढे विकतची कणसे न आणता प्रत्येक घराने स्वतः पिकवलेले आणावे. मग ते लाल माठाची एक जुडी असो, नाही तर एकच भेंडी.