शर्यतीच्या गाडीतील बैठक व तिचा दाखला

मोटारींच्या शर्यती हा विषय आमच्या वनप्रदेशास काहीसा परका वाटेल. मूल-सिंदेवाहीकडे शर्यत म्हटली की शंकरपटच डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु शर्यत बैलांची असो वा यंत्रांची, भरधाव वाहनावर मनुष्य कशाच्या आधाराने बसतो, हा प्रश्न दोहोंकडे एकच आहे. शिवाय हल्ली अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वहस्ते गाडी बांधून पीथमपूरच्या ‘बाजा’ स्पर्धेत उतरतात. तेव्हा या प्रश्नाचा विचार आमच्या विद्यार्थ्यांनी आजच करणे अस्थानी होणार नाही.

१९०४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाने शर्यतीच्या बैठकीसाठी ‘८८५५-१९९९’ या नावाचे प्रमाण ठरविले आहे. बैठकीवर मागून व कुशीवरून आघात करून पाहतात. ती टिकली तर त्या नमुन्याच्या बैठकींवर निर्मितीच्या सालाची चिठ्ठी लागते. तेथून पाच वर्षे ती ग्राह्य. निर्मात्याने संमती दिल्यास आणखी दोन. पुढे आलेल्या ‘८८६२-२००९’ या अधिक कडक प्रमाणाची मुदत दहा वर्षांची आहे. भारतात या क्रीडेची सूत्रे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेकडे आहेत.

यावर हौशी स्पर्धकांची कुरकुर अशी की, वर्षातून दोन शर्यती करणाऱ्याची बैठक उरलेले दिवस पडवीत झाकून असते. सहाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी तिला काय ज्वर भरतो? प्रश्न खोचक आहे, आणि अगदीच निराधार नाही. तथापि काचतंतू व राळ यांच्या कवचास आतून गेलेली चीर बाहेरून दिसत नाही. खात्री करावयाची तर बैठक मोडूनच पाहावी लागेल! ‘माझा जीव, माझी जोखीम’ हे उत्तरही अपुरे. तीच बैठक उद्या दुसऱ्यास विकली जाते, आणि घेणाऱ्यास तिचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. बायबलातील अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्यास छताला कठडा करावयास सांगितले आहे. तो काही केवळ घरधन्यासाठी नव्हे. म्हणून मुदतीचा नियम आम्हांस मान्य आहे.

आमची तक्रार निराळीच आहे. दाखल्याची चिठ्ठी ही लोक ताईतासारखी मानू लागतात. बल्लारशाच्या आगारातील सागवानावर हातोड्याचा ठसा असतो, तो माल रीतसर आहे एवढेच सांगतो. त्या लाकडाची तुळई किती भार सोसेल हे तो सांगत नाही. चिठ्ठीचेही तसेच. ती कवचाची हमी देते, ज्या पत्र्यास ते जखडले आहे त्याची नव्हे. वस्तुतः महासंघाच्या नियमांत हेही आहे: बैठकीस निदान चार ठिकाणी आधार हवा, बोल्ट ८ मिलिमीटरहून बारीक नको, पोलादी आधारपट्टी निदान ३ मिलिमीटर जाड हवी, आणि प्रत्येक ठिकाणी गाडीच्या अंगाशी ४० चौरस सेंटिमीटर तरी स्पर्श हवा. हे उगीच नव्हे. आघाताच्या क्षणी गुरुत्वाच्या वीसपट जोर आला, तर ७० किलोचा मनुष्य बैठकीवर १,४०० किलोंचा भार टाकतो. गंजक्या पातळ पत्र्यातून बोल्ट उपटून आला, तर चिठ्ठीवरचे साल कोरे करकरीत असून काय उपयोग? परंतु चिठ्ठी उभ्या उभ्या वाचता येते. बोल्ट पाहावयाचे तर गाडीखाली पाठीवर निजावे लागते! हौशी मंडळांनी मुदतीत एखाद्या वर्षाची सवलत द्यावी की नाही, यावर खुशाल वाद घालावा. गाडीखाली निजण्याबाबत मात्र सवलत नको.

आता आमच्या पटाकडे वळू. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या बैलांच्या शर्यती महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त सुरू झाल्या, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. त्या नियमांचा सारा रोख मुक्या जनावरास यातना होऊ नयेत यावर आहे, आणि तो सर्वथैव योग्य आहे. पण छकड्यावरील धुरकरी हाही जीवच ना? त्याची बैठक म्हणजे बहुधा एखादी फळी व दोरीचा वेढा. तिला ना प्रमाण, ना मुदत. येथे पॅरिसची चिठ्ठी आणण्याचे काही कारण नाही. जाणते डोळे गावातच आहेत. धानाची मळणी आटोपून पट भरेल, तेव्हा समितीने गावच्या सुतारास मानाने बोलवावे. त्याने प्रत्येक छकड्याखाली वाकून आस, चाक, फळी व खिळे पाहावेत, आणि ज्यावर त्याने खडूची खूण केली नाही तो छकडा पटावर सुटू देऊ नये.