डबा कुणाचा, इंजिन कुणाचं?



गेल्या वर्षी मृग लागायच्या आठवडाभर आधी आम्ही पाच जण धारला एका घराच्या माळ्यावरून, म्हणजे आपल्या माळव्यातल्या भाषेत टांडेवरून, चार ट्रंका खाली उतरवत होतो. घर आमच्या क्लबातल्या सगळ्यांत ज्येष्ठ काकांचं. काका थंडीत गेले. काकू म्हणाल्या, "तुमच्या आगगाड्या घेऊन जा बाबांनो, आणि आमच्या कोणत्या ते सांगून ठेवा. नातू विचारतोय." नातू पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तो मोबाइलवर व्हिडिओ लावून सगळं बघत होता.

'क्लब' हा शब्द जरा मोठाच झाला. देवासचे तिघं, धारचे तिघं, आता एकूण पाच. नाव नाही, पावतीपुस्तक नाही. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी हॉलमधला सोफा भिंतीला सरकवायचा, प्लायवूडच्या फळ्या जोडायच्या, रूळ मांडायचे आणि संध्याकाळपर्यंत गाड्या पळवायच्या. धारच्या माणसाला हे वेड लागलं कसं, असं देवासकर नेहमी चिडवतात. देवासला स्टेशन आहे. धारच्या पोरांनी मात्र पिढ्यान्‌पिढ्या आगगाडी बघितली ती महूला नाही तर इंदूरला जाऊन. गावात रेल्वे येत नाही म्हणून मी ती घरात आणली, असं काका सांगायचे.

आमच्या गाड्या एचओ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. आपल्या निळ्या आयसीएफ गाडीचा डबा 21.3 मीटर लांब असतो, आमचा साडेचोवीस सेंटीमीटर. दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. पाताळपाणीची मीटरगेज या मापात करायची तर 12 मिलिमीटरचे रूळ लागतात. ते काकांनी फार हौसेनं मागवले होते आणि मांडायचे राहून गेले. हे आकडे सांगतोय ते एवढ्याचसाठी, की या मापाच्या डब्याच्या पायऱ्या, दांडे, कपलिंगचे आकडे किती नाजूक असतात ते ध्यानात यावं. नखाएवढा भाग हरवला की बाजारात मिळत नाही.

तर ट्रंका उघडल्या. पहिल्या ट्रंकेत काकांनी प्रत्येक डब्याला फोमचा तुकडा लावून ठेवला होता, अगदी मायेनं. त्या फोमचा चिकट, पिवळा भुगा झाला होता आणि तो दारांत, खिडक्यांत, चाकांच्या आसांत जाऊन बसला होता. गाद्यांचा पॉलियुरेथेन फोम काही वर्षांनी असा विरघळतोच. त्यातून टांड पत्र्याखालची. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, तर पत्र्याखाली किती असेल बघा. दुसऱ्या ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या. लोकरीच्या कपड्यांना चालतात त्या गाड्यांनाही चालतील, असं कुणालाही वाटेल. पण नॅप्थलिनच्या वाफेनं पॉलिस्टायरीन मऊ पडतं. चार डब्यांची छपरं हाताला चिकटत होती आणि एकावर बोटाचा ठसा कायमचा उमटला. तो ठसा माझ्या बोटाचा आहे.

सिग्नलच्या पेटीत सेल तसेच राहिले होते, ते फुटून तांब्याच्या पट्ट्या हिरव्या झालेल्या. रबरबँडनं बांधलेल्या रुळांच्या जुड्यांवर काळे पट्टे उठलेले. इंजिनांच्या चाकांवरचे रबरी टायर तडकलेले. आणि तळाशी एक जुनं चावीचं इंग्लिश इंजिन, काकांच्या वडिलांनी महूच्या छावणीतल्या एका कुटुंबाकडून घेतलेलं. त्याची चौकट बिस्किटासारखी तुटत होती. जस्ताच्या ओतीव धातूत शिसं मिसळलं गेलं असेल तर तो आतून हळूहळू फुटत जातो. महायुद्धाआधीच्या खेळण्यांमध्ये हे फार दिसतं. याला जस्ताची कीड म्हणतात, पण ती एका गाडीतून दुसरीत जात नाही. ऊब आणि ओल तिला वाढवते, एवढंच. त्यात काकांचा दोष नव्हता. बाकीच्यात थोडा होता आणि बराचसा आमचा होता, कारण गेली सात-आठ वर्षं क्लबाचं अर्धं सामान आम्हीच त्यांच्या टांडेवर लोटलं होतं. "काकांकडे जागा आहे ना!"

खरी पंचाईत पुढेच होती. काकूंनी विचारलं, यातलं क्लबाचं कोणतं? आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. ट्रान्सफॉर्मर वर्गणीतून घेतलेला, हे सगळ्यांना आठवत होतं. लाल इंजिन एकानं आपलं म्हटलं, दुसरा म्हणाला, मी ते काकांना वाढदिवसाला दिलं होतं. बारा वाघिणींपैकी पाचांवर दोघांचा दावा. आवाज चढले. काकू आत जाऊन चहा टाकून आल्या आणि नातवानं फोन बंद केला. त्या चहाची आठवण आली की अजून लाज वाटते.

देवासचा एक जण परतीच्या वाटेवर म्हणाला, "आपण गावाचा इतिहास विसरलो." त्याचं खरं होतं. तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार भावांपासून देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं झाली. एकाच गावात दोन दरबार, आणि रस्त्याच्या या बाजूला एकाचा अंमल तर त्या बाजूला दुसऱ्याचा. 1948 मध्ये दोन्ही मध्य भारतात विलीन झाली. बाहेरच्यांना ती गंमत वाटायची, पण इथल्यांना कुठली वस्तू कुणाच्या हद्दीत ते ठाऊक असायचं. आमच्या क्लबात पात्या सहा होत्या आणि हद्द एकही नव्हती.

छोट्या रेल्वेचा छंद ज्यांनी मोठा केला त्यांच्याकडे पाहिलं तर जागेचा प्रश्न त्यांनी आधी सोडवलेला दिसतो. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे. तिच्यावरची काचेची सुरई उचलली की गाडी थांबते. ती राहते कुठे? जिथे चालते तिथेच, त्याच मेजावर. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 ला सुरू झालेलं. आधी ऐंशीच्या दशकात त्यांनी फिरती प्रदर्शनं केली होती. ज्यानं एकदा तरी मांडलेली रेल्वे उकलून टेंपोत भरली आहे, त्याला फिरतं प्रदर्शन म्हणजे काय ते सांगायला नको. दर वेळी दोन वायरी तुटतात आणि एक खांब वाकतो. कोथरूडला आता सगळं एका जागी पक्कं बसवलेलं आहे: शहर, पूल, सिग्नल, गाड्या. पुण्यात असाल तर मुलांना घेऊन जा. गाड्या बघून झाल्या की मुद्दाम बघा, की धूळ झटकणाऱ्या माणसाचा हात कुठवर पोचेल याचा विचार मांडणीत कसा केलेला असतो.

पण राजवाडा किंवा संग्रहालय आपल्याकडे नाही. आपल्याकडे फ्लॅट आहे आणि बिछान्याखालची जागा. तेव्हा आम्ही पाच जणांनी देवासला बसून एक पान लिहिलं. त्यातलं निम्मं तुमच्या घरच्या कुठल्याही खेळण्याला, कॅमेऱ्याला, आजोबांच्या ग्रामोफोनला लागू पडेल, म्हणून सांगतो.

टांड बंद. पत्र्याखाली, गच्चीच्या खोलीत किंवा बाहेरच्या भिंतीला टेकून काहीही ठेवायचं नाही. घराच्या मधल्या खोलीतलं लोखंडी कपाट, खालून दुसरा कप्पा. तळाचा नको, कारण पोछ्याचं पाणी तिथे जातं आणि वाळवीही तिथूनच चढते. मूळ खोकं असेल तर तेच उत्तम, मात्र आतला फोम काढून टाकायचा. गाडी साध्या पॉलिथिनच्या पातळ पिशवीत ठेवायची. नव्या रेनकोटसारखा वास येणारं पीव्हीसीचं कव्हर नको, कारण त्यातला मऊपणा आणणारा द्रव डब्याच्या प्लॅस्टिकला खातो. पिशवीचं तोंड उघडं ठेवायचं, नाही तर श्रावणातली ओल आत कोंडते. वर्तमानपत्र नको, रबरबँड नको, डांबरगोळी तर नकोच. उंदरांसाठी कपाटाचं दार नीट लागतं ना, एवढं बघणं पुरतं.

कपाटात सिलिका जेलची पुडी असावी. निळे दाणे गुलाबी झाले की ते गरम करून पुन्हा निळे करता येतात, पण स्वयंपाकाच्या कढईत नव्हे. आमच्यातल्या एकानं तो प्रयोग केला. त्याच्या घरी ती कढई आता कपाटाइतकीच बंद असते.

इंजिन चाकांवर उभंच ठेवायचं. आडवं ठेवलं तर तेल मोटरीत उतरतं. दोन महिन्यांतून एकदा पाच-दहा मिनिटं हळू चालवायचं, म्हणजे तेल घट्ट होत नाही. वर्षानुवर्षं पडून असलेलं इंजिन एकदम पूर्ण वेगानं सोडायचं नाही. रूळ निकल-सिल्व्हरचे असतात, त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकल आणि जस्त असतं. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती चिंधी. पॉलिश पेपर घासला की बारीक चरे पडतात आणि त्यांत मळ भरतो. सलग रूळ 914 मिलिमीटर लांब येतात, ते सपाट ठेवायचे, उभे टेकवले की कमान होते. अल्कोहोल, थिनर, रंग, सोल्डरिंगचं सामान गाड्यांच्या कपाटात अजिबात नाही, आणि जिन्याखाली गॅसच्या सिलिंडरशेजारीही नाही.

आता तुम्हा बाहेरगावी, बाहेरदेशी असलेल्या मुलांसाठी. दिवाळीला येताना तुम्ही बाबांसाठी अमेरिकेहून रेल्वेचा सेट आणता. त्याचा पॉवर पॅक बहुतेक वेळा 120 व्होल्टचा असतो आणि आपल्या घरात 230 असतात. असा एक देवासला धूर सोडून गेला. जर्मनीहून मर्क्लिनची गाडी आणलीत तर ती रुळांच्या मध्ये असलेल्या तिसऱ्या संपर्कावर चालते. आमच्या दोन रुळांवर ठेवली की शॉर्ट. आणि साध्या डीसी इंजिनाला डिजिटल मांडणीवर तसंच उभं ठेवलं तर त्याची मोटर जळू शकते. म्हणून खोक्यावर चिठ्ठी हवी: किती व्होल्ट, दोन रूळ की तीन, साधं की डिजिटल. आणणाऱ्याला हे सगळं पाठ असतं. अडचण त्याच्यानंतर खोकं उघडणाऱ्याची असते.

त्याच चिठ्ठीवर मालकाचं नाव. या एका गोष्टीवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ बोललो. वस्तूच्या पोटाखाली न दिसेल असा क्रमांक, खोक्यावर तोच क्रमांक आणि वहीत त्याची ओळ: कुणाची, कधी आली, विकत, भेट की वर्गणीतून, सध्या कुणाच्या घरी. वही दोन प्रतींत, एक धारला, एक देवासला, आणि दोन्हींचे फोटो प्रत्येकाच्या घरच्यांच्या मोबाइलवर. शेवटचा रकाना काकूंनी सुचवला: 'नंतर कुणाला.' पाच पुरुषांना तो सुचला नव्हता. भरताना जरा गप्प झालो सगळे. एकानं मुलीचं नाव लिहिलं आणि मग फोन करून तिला विचारलं, तुला हवंय का गं? ती म्हणाली, दोन इंजिनं हवीत, बाकीचं नको, माझ्याकडे जागा नाही. बरं झालं विचारलं.

वही मिळवून बघायचा दिवस खंडेनवमी ठरवला. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुसून मांडायची रीत आहेच, पावसाळाही सरलेला असतो. पकडी, स्क्रूड्रायव्हर, ट्रान्सफॉर्मर, इंजिनं, सगळ्यांना फूल वाहायचं आणि वहीतल्या ओळीसमोर खूण करायची. पहिल्या खंडेनवमीला एकशे अठरा ओळी झाल्या. लाल इंजिनाचं भांडण तेव्हाच मिटलं. ते भेट दिलेलं होतं, म्हणजे काकांचं, म्हणजे आता नातवाचं. ज्यानं दावा केला होता त्यानंच त्याचे टायर बदलून दिले.

नातू दिवाळीत आला, कोथरूडचं संग्रहालय बघून. काकूंच्या हॉलमध्ये सोफा सरकवून त्यानं ते इंजिन चालवलं, माझ्या बोटाच्या ठशाचा डबा मागे जोडून. 12 मिलिमीटरचे ते मीटरगेजचे रूळही त्यानं मागून घेतले. पाच वाघिणी मात्र अजून कुणाच्या ते ठरलेलं नाही. त्या माझ्याकडे दुसऱ्या कप्प्यात आहेत, वहीत त्यांच्यासमोर 'बेवारस' लिहिलंय आणि 'नंतर कुणाला' हा रकाना कोरा आहे.