शांघायला, काहीही काम नसताना

शांघायला जाते आहे असं सांगितल्यावर रत्नागिरीत मला दोन प्रश्न ठरलेले असायचे. ऑफिसचं काम आहे का? आणि तिकडे मुलगा असतो की मुलगी? दोन्हींचं उत्तर 'नाही' आलं की समोरचं माणूस जरा घुटमळायचं आणि विचारायचं, 'मग बरोबर कोण?' बरोबर कोणी नाही, सुट्टी आहे आणि शहर बघायचंय, एवढंच माझं उत्तर होतं. त्या उत्तराने कुणाचं समाधान झालं नाही.

भारत-चीन थेट विमानं 2020पासून बंद होती, ती ऑक्टोबर 2025मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कोकण रेल्वेने मुंबई, तिथून दिल्ली आणि दिल्लीहून शांघाय अशी गेले. अडीच कोटींच्या आसपास वस्तीचं हे शहर एकट्या बाईला फार सोपं आहे. मेट्रो 1993 साली सुरू झाली आणि आज तिचं जाळं आठशे किलोमीटरच्या पुढे गेलंय. पाट्या इंग्रजीतही असतात. आपलं कार्ड अलिपेला जोडलं की चहापासून तिकिटापर्यंत सगळं फोनवर भागतं. गुगलचे नकाशे मात्र तिथे चालत नाहीत, म्हणून तिथलं नकाशाचं ॲप आणि भाषांतराचं ॲप इथूनच फोनमध्ये घालून न्यावं. रात्री दहा-अकराला मी फ्रेंचांच्या जुन्या वसाहतीतल्या रस्त्यांवरून, चिनारच्या कुळातल्या झाडांखालून, चालत खोलीवर यायचे. मागे वळून बघावं असं एकदाही वाटलं नाही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण आपल्या बायकांचा प्रवास बहुतेकदा या एका भीतीपाशीच अडतो.

एकटीने जाण्याचा खरा फायदा मला पीपल्स पार्कमध्ये कळला. ही जागा एकेकाळी परदेशी लोकांच्या घोडेशर्यतींच्या मैदानाची. आता तिथे शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. मुलं-मुली स्वतः नसतात, त्यांचे आईवडील येतात. उघडलेली छत्री जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर कागद लावायचा: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचं घर आहे की नाही. आपल्याकडच्या वधू-वर मेळाव्यात वाढलेल्या माणसाला त्यातली एक ओळ समजावून सांगावी लागणार नाही. गटाबरोबर असते तर पाच मिनिटं फोटो काढून पुढे गेले असते. मी तिथे दुपारभर बसले. शेजारच्या बाईंनी फोनवर बोलून भाषांतर माझ्यासमोर धरलं: मुलासाठी आलात की मुलीसाठी? कुणासाठीच नाही, नुसती बघायला आलेय, म्हटलं. एकट्या? हो. मग त्यांनी छत्रीवरचा कागद माझ्याकडे वळवला. मुलगी चौतिशीची, बँकेत नोकरी, लग्नाला तयार नाही. फोनवर पुढचं वाक्य उमटलं: 'तीही अशीच एकटी हिंडते.' त्या वाक्यात तक्रार होती आणि थोडा अभिमानही होता. मग त्यांनी पिशवीतून संत्रं काढून मला सोलून दिलं.

जेवणाचं म्हणाल तर रत्नागिरीच्या माणसाचे तिथे हाल होत नाहीत. शांघायची घरगुती आवडती मासळी म्हणजे आपली वाकटी. सोया सॉसमध्ये थोडी साखर घालून ती शिजवतात. गोड लागते, पण दुसऱ्या घासाला जमते. भारतातून चीनला गोठवलेली वाकटी जाते आणि मिरकरवाड्याच्या जेटीवर मोठी वाकटी उतरताना आपण बघतोच. मंडईत बर्फावर पसरलेल्या त्या चंदेरी पट्ट्यांसमोर मी उगाचच रेंगाळले.

पण सगळ्यात जास्त वेळ दिला तो बंडला, म्हणजे ह्वांगपू नदीच्या काठच्या त्या दगडी इमारतींच्या रांगेला. पलीकडच्या तीरावर 632 मीटरचा शांघाय टॉवर आहे आणि लोक त्याच्याकडे तोंड करून फोटो काढतात. मी पाठ फिरवून हिरव्या तांब्याच्या छपराची एक इमारत बघत होते. 1929 सालची. व्हिक्टर ससूनने बांधलेलं कॅथे हॉटेल, आताचं पीस हॉटेल. ससून म्हणजे आपलेच, ससून डॉकवाले. डेव्हिड ससून बगदादहून 1832मध्ये मुंबईला आले. त्यांचा मुलगा एलायस 1844मध्ये चीनला गेला. पुण्याचं ससून रुग्णालय 1867चं, ससून डॉक 1875चं. आणि या घराण्याच्या पैशाचा मोठा भाग अफूचा. माळव्यात पिकणारी अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. चीनने ती रोखू पाहिली तेव्हा इंग्रजांनी युद्ध पुकारलं. 29 ऑगस्ट 1842ला नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' युद्धनौकेवर झाला, ती सागवानी नौका मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली. त्या तहाने जी पाच बंदरं उघडली त्यात शांघाय होतं. मुंबईचे जमशेटजी जीजीभॉय यांचीही बरीच कमाई अफूच्याच व्यापारातली, आणि 1845 सालचं जे.जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं.

जे.जे. आणि ससून. ज्यांचं आजारपण रत्नागिरीत भागलं नाही, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या या दोन ठिकाणी गेली, बरी होऊन आली. माझ्या घरातलीही. त्या रुग्णालयांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे आणि ती कमी होणार नाही. पण त्या पैशाची दुसरी बाजू चीनमधल्या घराघरांनी अफूच्या व्यसनात भोगली, हेही आपल्या शाळेच्या पुस्तकात ठळकपणे यायला हवं, असं मला त्या काठावर उभं राहून फार वाटलं.

आणि या सगळ्याच्या मधोमध आपली माणसं होती. पी अँड ओ या इंग्रज कंपनीच्या बोटी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मुंबईहून चीनकडे जात आणि त्यांतून अफूही जात असे. त्या बोटींच्या डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने कोकणातले, रत्नागिरी जिल्ह्यातले होते. पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदी तुटपुंजा. आजही इथल्या मोहल्ल्यांत 'बोटीवर असतो' म्हटलं की नोकरी कुठली ते विचारावं लागत नाही. माझ्या लहानपणी आमच्या ओळखीचे एक म्हातारे चाचा होते, तरुणपणी शांघाय गाठलेले. शहर कसं होतं, असं आम्ही पोरं विचारायचो. ते म्हणायचे, 'बंदर व्हतं. माल उतरवला, डेक धुतलं, निंघालो.'

रत्नागिरीचा माणूस शांघायला गेला तो असा गेला. शहर नदीपलीकडे दिसायचं आणि पाळी बदलायची. मला तिथे कुणाचा माल उतरवायचा नव्हता, कुणाला हिशेब द्यायचा नव्हता. बंडवरच्या दगडी कठड्याला टेकून मी संध्याकाळभर नदीतल्या मालवाहू बोटी मोजल्या नाहीत, नुसत्या बघितल्या. ही चैन आपल्या किनाऱ्याला फार उशिरा मिळाली आहे. ती आपल्या बायकांनी, विशेषतः चाळिशी-पन्नाशी उलटलेल्यांनी, बिनकामाची म्हणून नाकारू नये असं मला कळकळीने सांगायचंय.

एक विनंती. राजिवडा, मिरकरवाडा, साखरतर, कर्ला इथल्या ज्या घरांत आजोबा-पणजोबांचे बोटीवरचे कागद असतील, खलाशाचं सर्टिफिकेट, एखादं पत्र, फोटो, ते पावसाळ्याआधी प्लॅस्टिकमध्ये घालून कोरड्या जागी ठेवा आणि मला कळवा. मी घरी येऊन त्यांची छायाचित्रं काढून घेईन, कागद तुमच्याकडेच राहतील. ज्यांना बोटीवरचं आठवतं अशी माणसं अजून असतील, तर त्यांच्याशी बोलायला मी लगेच येते.