हॉटपॉट: दोष मिरचीचा नाही, घाईचा

चीनमधील चोंगचिंगचा हॉटपॉट म्हणजे टेबलाच्या मध्यभागी उकळते भांडे आणि त्यात तरंगणाऱ्या लालभडक मिरच्या. पाहणारे म्हणतात, "एवढं तिखट! आतडी जळतील." हा गैरसमज आहे. ॲसिडिटी असलेल्यांना मिरची त्रास देते हे खरे, पण मिरचीने आग होते, भाजत नाही. भाजते उकळत्या रश्श्याने, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले. हॉटपॉटचा रस्सा १०० अंशांच्या आसपास असतो. अन्ननलिकेचे अस्तर वारंवार भाजणे चांगले नाही, मग ते चहाने भाजो की रश्श्याने.

"चिनी लोक पिढ्यान्‌पिढ्या खातात, त्यांना काय झालं?" असे विचारता? जगातील अन्ननलिकेच्या कॅन्सरचे निम्म्याच्या आसपास रुग्ण चीनमध्ये आहेत. याचे खापर एकट्या हॉटपॉटवर फोडता येणार नाही. तंबाखू, दारू ही मोठी कारणे आहेत. पण २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील मोठ्या अभ्यासात अतिगरम चहाला रोजची जास्त दारू किंवा धूम्रपानाची जोड मिळाल्यावर धोका वाढलेला दिसला.

तेव्हा हॉटपॉट जरूर खा. मांस पूर्ण शिजवा, कच्च्या मांसासाठी वेगळ्या काड्या ठेवा. शिजलेला तुकडा आधी वाटीत काढा, ओठांना चटका बसेनासा झाला की मगच तोंडात घाला. आणि वाफाळता चहा घटाघट पिणाऱ्यांनो, हाच नियम तुमच्या कपालाही लागू आहे!