फुल्या मोजणारं घर

आमच्या शेजारच्या घरात देव्हाऱ्यालगतच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाचा खाडा, गॅसची टाकी लावल्याची तारीख, बचत गटाचा हप्ता, सगळं त्यावर लिहिलेलं. मागच्या वर्षी त्याच पानांवर पेन्सिलीच्या बारीक फुल्याही होत्या. धाकटी सून बाहेर बसली की सासूबाई त्या दिवसाच्या चौकटीत एक फुली मारायच्या. तितके दिवस चुलीपाशी कोण, देवाला पाणी कोण घालणार, हे आधी ठरवावं लागे. सुनेला दुसरं मूल झालं होतं. बाळ पाच महिन्यांचं असताना तिची पाळी परत आली आणि फुल्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात नऊ, दुसऱ्यात अकरा, मग दहा, मग तेरा, मग बारा.

नवाच्या तेरा झाल्या तेव्हा घरात तक्रार झाली. ती जावेची होती: महिन्यातले निम्मे दिवस मी एकटीनं किती राबायचं? सव्वीस वर्षांची ही मुलगी पांढरी पडत चालली होती, जिना चढताना दोनदा थांबत होती, बाळाला पाजताना बसल्या बसल्या तिचा डोळा लागत होता. ते सगळ्यांनी बाळंतपणाच्या अशक्तपणावर ढकललं. एके सकाळी नळावर हंडा उचलताना ती कोसळली. तिचं माहेर लांब, म्हणून तालुक्याच्या दवाखान्यात मी सोबत गेले. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ५.८ होतं. बाईच्या अंगात ते निदान १२ असायला हवं.

त्या घरात वाईट माणसं नाहीत. सासूबाईंनी त्या मुलीला पहिला सव्वा महिना तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेपा, रोजची मालिश, शेक, धुरी, कशात कसूर केली नव्हती. म्हणूनच मी हा लेख लिहिते आहे. क्रूर घराला दोष देणं सोपं असतं. प्रेमळ घरात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एका बाईचं रक्त पाच महिने वाहून जातं आणि त्याची नोंद भिंतीवर टांगलेली असते, याचा जाब कुणाला विचारायचा? मी तो आपल्या सगळ्यांना विचारते.

आपल्या भाषेत पाळीला किती नावं आहेत पाहा. कावळा शिवला. अडचण आली. बाहेर बसली. लांब आहे. शिवायची नाही. या सगळ्या शब्दांतून एवढंच कळतं की बाई आत्ता कुठे आहे आणि तिला कुणी शिवायचं नाही. तिला किती जातं, किती दुखतं, गाठी पडतात का, हे सांगणारा एकही शब्द आपण घडवला नाही. शतकानुशतकं या रक्ताकडे विटाळ म्हणूनच पाहिलं, त्यामुळे तो आजार असू शकतो हे आपल्याला सुचतच नाही. बाळंतपणानंतर तर हा आंधळेपणा दुप्पट होतो, कारण तेव्हा घराचे सगळे डोळे पाळण्यात असतात.

आता शरीरात काय होतं ते सांगते. हे प्रत्येक घरात मोठ्यानं बोललं जायला हवं होतं, आणि ते बोललं जात नाही हाच माझा पहिला आरोप आहे.

बाळ जन्मल्यावर वार सुटून येते. ती जिथे चिकटलेली असते तिथे गर्भाशयाच्या आत एक मोठी जखम उरते. ती भरून येईपर्यंत अंगावरून जात राहतं: पहिले काही दिवस लाल, मग तपकिरी, मग पिवळसर पांढरं, साधारण चार ते सहा आठवडे. ही पाळी नव्हे. आपल्या आज्यांनी सव्वा महिना ठरवला तो या हिशेबाला बराच जुळतो. पण हे रक्त कमी होत होत अचानक पुन्हा लालभडक वाहू लागलं, तासाभरात पॅड किंवा घडी चिंब भिजू लागली, मोठ्या गाठी पडल्या, घाण वास आला, ताप चढला, तर तो बाळंतिणीच्या जिवाला धोका आहे. वारेचा तुकडा आत राहिला असेल किंवा जंतुसंसर्ग झाला असेल. तेव्हा सव्वा महिना पुरा व्हायची वाट पाहायची नसते, गाडी बोलवायची असते.

खरी पाळी परत येते त्यानंतर, आणि तिला ठरलेली तारीख नसते. बाळ दूध ओढतं तेव्हा मेंदूखालच्या ग्रंथीतून एक संप्रेरक स्रवतं. त्यानं दूध तयार होतं आणि बीज पिकण्याचं काम थोपवलं जातं. म्हणून अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी कित्येक महिने येत नाही. न पाजणाऱ्या बाईची सहा-आठ आठवड्यांतही येते. थोरल्याच्या वेळी वर्षभर न आलेली पाळी धाकट्याच्या वेळी चौथ्या महिन्यात येऊ शकते. बाळाचं रात्रीचं पाजणं कमी झालं किंवा वरचं अन्न सुरू झालं की ती अनेकदा डोकावते. आली तरी सुरुवातीला तिला ताल नसतो. कधी चोविसाव्या दिवशी येते, कधी दीड महिना दडी मारते. लग्नाआधी पोटात मुरडा येऊन आडवी होणारी मुलगी मूल झाल्यावर निवांत पाळी काढते. कधीच न दुखलेलीला आता कळा येतात. बहुतेकींची घडी काही महिन्यांत बसते. यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि हे आधी सांगितलं तर कुणी घाबरणारही नाही.

पण सात-आठ दिवसांपलीकडे जाणारं, महिन्यामागून महिने जड होत जाणारं रक्त ‘बाळंतपणानंतर असंच असतं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. गर्भाशयात गाठ असेल, तांबी बसवल्यावर स्राव वाढला असेल, नवी गर्भधारणा बिघडत असेल. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही जणींचा थायरॉइड मंदावतो. आमच्या शेजारच्या मुलीचं तेच निघालं. उलट टोकाचंही एक दुखणं आहे. बाळंतपणात अतोनात रक्त गेलं तर मेंदूखालच्या ग्रंथीला रक्त पुरत नाही आणि ती कायमची अधू होते. अशा बाईला दूधच उतरत नाही आणि पुढे पाळीही येत नाही. थकवा वाढतो, थंडी सोसत नाही. शीहान नावाच्या डॉक्टरने १९३७ मध्ये हे दुखणं नीट मांडलं. आपल्याकडे अशा बाईला काय ऐकावं लागतं? दूध नाही म्हणून नाकर्ती आणि पाळी नाही म्हणून नशीबवान, कटकट गेली. औषधाविना ती वर्षानुवर्षं खंगत राहते.

आता पुरुषांकडे वळते. ‘अंगावर पाजते तोवर दिवस जात नाहीत’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलं आहे की ते कुणा एकाचं राहिलेलं नाही. यात अर्धसत्य आहे, आणि त्यानं किती बायकांना दहाव्या महिन्यात दुसऱ्यांदा गरोदर केलं असेल! १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजियो इथे तज्ज्ञांनी याचा नेमका निष्कर्ष मांडला. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी एकदाही परत आलेली नाही, आणि बाळ दिवसरात्र फक्त अंगावरच, या तिन्ही अटी पाळल्या तर सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळतं. यातली एक जरी तुटली तरी भरवसा संपला. शिवाय बीज आधी सुटतं, पाळी नंतर येते. म्हणजे पाळीची वाट बघत निर्धास्त राहिलेल्या बाईला ती न दिसताच दिवस जातात. नवऱ्याला हे ठाऊक नसतं, कारण त्याला ठाऊक असावं अशी अपेक्षाच आपण ठेवली नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, तेव्हा या महाराष्ट्रानं त्यांना कोर्टात खेचलं. शंभर वर्षांनी चित्र किती बदललं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली, आणि पुरुष नसबंदीवर विसंबलेली जोडपी ०.३ टक्के. तांबी तिच्या पोटात, इंजेक्शन तिच्या दंडात, टाके तिच्या बेंबीखाली. त्यानं पाळी बिघडली तर निस्तरायची तिनंच. नवऱ्याची शस्त्रक्रिया अधिक सोपी असते हे सांगायला गेलं की घरातल्या बायकाच आधी कानांवर हात ठेवतात.

सरकारी व्यवस्थेनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. आईचं रक्त फार जातं का, हेही तिनं विचारायचं असतं. मी अशा भेटींना हजर राहिले आहे. आशाताई विचारते, आणि शेजारी बसलेली सासू उत्तर देते: सगळं ठीक आहे. बाळंतीण मान खाली घालून बाळाचं टोपडं नीट करत राहते. नवरा तर हा विषय निघायच्या आत अंगणात गेलेला असतो. बेचाळिसाव्या दिवशी या भेटी संपतात, नेमक्या त्या सुमाराला जेव्हा पाळी परतायची शक्यता सुरू होते. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्यात आशाताई पुन्हा येते, ती बाळाची वाढ पाहायला. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या फडताळात तशाच पडून असतात, कारण त्यांनी शौचाला काळं होतं एवढंच बाळंतिणीला कळलेलं असतं. त्याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या.

बाई बोलत नाही म्हणून तिला काही होत नाही, हा समज डॉ. राणी बंग यांनी १९८९ मध्येच मोडीत काढला होता. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत त्यांनी ६५० बायका तपासल्या. त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि त्याआधी तपासणी होऊन उपचार मिळालेल्या जेमतेम ८ टक्के. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं, जगानं दखल घेतली. आपल्या ओसरीवर त्याची चर्चा झाली नाही. त्याच्याही शंभर वर्षं आधी आनंदीबाई जोशींनी चौदाव्या वर्षी बाळ गमावलं, ते अवघं दहा दिवस जगलं. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या आणि १८८६ मध्ये पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर. त्यांच्या नावानं आपण अभिमान मिरवतो. मग त्यांचा विषय घरात काढताना जीभ का अडखळते?

न ऐकलेल्या रक्ताचा शेवट कुठे होतो तेही पाहायला हवं. ऊसतोडीला जोडपं जातं त्याला कोयता म्हणतात, नवरा-बायको मिळून एक. उचल आधीच घेतलेली असते. बाई एक दिवस फडात गेली नाही की मुकादम खाडा धरतो आणि पैसे कापतो. बाळंत होऊन महिना न उलटलेली बाई मोळी डोक्यावर घेऊन शिडीवरून ट्रकवर चढते. पाण्याची सोय नसते, आडोसा नसतो. अशा बाईची पाळी बिघडली तर तिला थांबून तपासायला वेळ कुणाला? ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल.’ २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तरुण बायका होत्या. ऐन उमेदीत पिशवी गेली, आणि सोबत बीजकोशही काढले, तर हाडं झिजतात, अंगाची आग होते, म्हातारपण वीस वर्षं आधी दारात येतं. ज्या साखरेनं आपण बारशाचे पेढे करतो तिच्यात हे रक्त आहे. मुकादमाची वही आणि माझ्या शेजारणीचं कालनिर्णय, दोन्हींत बाईचे गैरहजर दिवस अचूक मांडलेले असतात.

आमच्या शेजारच्या मुलीलाही तालुक्याला नेण्याआधी एका डॉक्टरनं पिशवी काढायला सुचवलं होतं. सव्वीस वर्षांच्या, अंगावर पाजणाऱ्या मुलीला. ना रक्त तपासलं, ना थायरॉइड. घर जवळजवळ तयार झालं होतं, पैशाची जुळवाजुळवही सुरू होती.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, किती दिवस जातं? ती गप्प. सासूबाईंनीच सांगितलं: नऊ, अकरा, दहा, तेरा, बारा. महिना न चुकता. डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. ‘मावशी, तुम्हाला सगळं पाठ आहे, मग आणलं का नाहीत आधी?’ सासूबाई खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, ‘ते मी दुसऱ्या कारणासाठी मोजत होते हो.’

तिला रक्ताच्या दोन पिशव्या द्याव्या लागल्या. सकाळी उपाशीपोटी घ्यायची थायरॉइडची एक बारीकशी गोळी आणि लोह, एवढ्यावर पुढच्या काही महिन्यांत पाळी ताळ्यावर आली. डॉक्टरबाईंनी सासूबाईंना सांगितलं होतं: फुल्या मारणं सोडू नका, पण प्रत्येक फुलीखाली त्या दिवशी किती पॅड लागले ते सुनेला विचारून लिहा.

परवा मी त्यांच्याकडे गेले होते. या महिन्याच्या पानावर पाच फुल्या आहेत. प्रत्येकीखाली थरथरत्या हातानं लिहिलेला आकडा: चार, पाच, तीन, दोन, एक. बाळ आता रांगतं, पण शेवटची फुली त्याच दिवसाची होती, म्हणून ते आईकडे जाऊ नये यासाठी उंबऱ्यात पाट आडवा लावलेला होता, आणि ती पलीकडे पडवीत बसून त्याला हाका मारत होती.