ठोके मोजा, पण आधी बीपी तपासा

भीमजयंतीच्या सायकल रॅलीची तयारी सुरू झाली की वस्तीतली मुलं आम्हाला विचारतात, "ताई, पूल चढताना घड्याळात ठोके १८५ दिसले. हार्टला काही होणार नाही ना?"

२२० मधून वय वजा केलं की मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडतील, याचा अंदाज येतो. पंचविशीत १९५, पंचेचाळिशीत १७५. माणसागणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक पडतोच. निरोगी तरुणाचे ठोके चढावर थोडा वेळ तिथवर गेले आणि थांबल्यावर भराभर उतरले, तर घाबरायचं कारण नाही.

आम्हाला खरी काळजी आहे ती या मुलांच्या वडिलांची. सायकलवर सिलिंडर लादून तोच पूल रोज चढणाऱ्या चाळिशीपुढच्या बांधवाच्या मनगटावर घड्याळ नसतं. तोंडात तंबाखू असते, बीपी-शुगर कधी तपासलेली नसते. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा असेल, तर हेच श्रम जिवावर बेततात. छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, चक्कर, हे गॅस म्हणून अंगावर काढू नका. सायकल सोडा, खाली बसा, १०८ ला फोन करा.

भगवान बुद्धांनी सोण भिक्खूला वीणेचा दाखला दिला होता. तार फार ताणू नये, फार सैलही ठेवू नये. शरीराचंही तसंच आहे.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगर मोफत तपासतात. म्हणून मंडळांना आमचं सांगणं आहे: यंदा रॅलीआधी विहारात तपासणी ठेवा, आणि मुलांनो, यादीत पहिलं नाव वडिलांचं लिहा.